काळ्या चोचीचा शोध

३ जून, सकाळी ७:१०
इतिहास घडला. माझ्या झेब्रा फिंचचं पहिलं पिल्लू घरट्यातून बाहेर आलं आणि त्याची चोच काळीकुट्ट! आईची नारिंगी, बापाची लालभडक. फिंचच्या पुस्तकातली सगळी म्युटेशन्स, म्हणजे वेगळ्या रंगाचे प्रकार, मला तोंडपाठ आहेत: फॉन, सिल्व्हर, पाइड. काळी चोच कुठेच नाही. (पहिलं प्रकरण नवशिक्यांसाठी आहे, ते वगळलं.)

३ जून, दुपारी
दुसरं पिल्लू बाहेर. काळी चोच. तिसरं. काळी चोच. घराण्यातच आहे!

बायको म्हणाली, अभिनंदन, आता खालचं दाणे-पीस झाडून घ्या. घर की मुर्गी!... कन्या मात्र जिज्ञासू. पुस्तक मागून नेलं. अर्ध्या तासाने येऊन म्हणाली, ऑगस्टच्या पक्षी-प्रदर्शनात हे नवं म्युटेशन ठरलं नाही तर पिंजरे गॅलरीत आणि ही पक्ष्यांची खोली माझी. बिचारी सहा महिने जेवणाच्या टेबलावर अभ्यास करतेय. हसत हसत हो म्हटलं. पोरीला उगाच आशा लावली, वाईट वाटलं.

११ जून
प्रदर्शन भरवणाऱ्या पक्षी-क्लबच्या सेक्रेटरींना फोन. 'नवं म्युटेशन' एवढंच सांगितलं. चोचीबद्दल चकार शब्द नाही, शोध चोरीला जातात. अर्जात म्युटेशनचं नाव: माझं आडनाव. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, 'म्युटेशन तज्ज्ञ'. पाचशे. ऐन वेळी कमी पडायला नकोत.

२ जुलै
थोरल्याच्या चोचीच्या मुळाशी नारिंगी डाग. बायकोला विचारलं, टोमॅटो कोणी घातला? ती म्हणाली, तुमच्या डोक्यात घालू का?

९ जुलै
दोष बल्बचा. पिवळा काढून पांढरा लावला. डाग वाढला. निश्चय: उद्यापासून रोज मोजमाप.

१० जुलै
मोजलं नाही. टेप कन्येकडे. शाळेचं काहीतरी असेल.

२१ जुलै
तिन्ही चोची निम्म्या नारिंगी. आंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. म्युटेशन एक नाही, दोन! काळी चोच, आणि वर रंग बदलणारी! धावत जाऊन कन्येला सांगितलं. ती टेप घेऊन खोलीची खिडकी मोजत होती. पडद्यासाठी, म्हणाली. कसला पडदा ते विचारायचं राहिलं.

१० ऑगस्ट, प्रदर्शन
परीक्षक वाकून बघत म्हणाले, साधा ग्रे, नेहमीचाच रंग, तब्येत उत्तम. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी वय विचारलं. मी म्हटलं, तीन महिने होतील. ते म्हणाले, मग बरोबर, पोरं वयात आली की चोच रंगतेच, सगळ्यांचीच. मागे कोणीतरी फिसकन हसलं. कार्ड काढायला खिशात घातलेला हात तसाच राहू दिला. फार लाज वाटली.

११ ऑगस्ट
पिंजरे गॅलरीत. खोलीला निळे पडदे लागले, मापात बसले. मी जेवणाच्या टेबलावर. आज पहिलं प्रकरण उघडलं. पहिल्याच पानावर: 'पिल्लांची चोच काळी असते.' खाली पेन्सिलची रेघ. समासात कन्येच्या अक्षरात, 'खोली माझी. ३ जून.' त्याखाली, साक्षीदार म्हणून, बायकोची सही.