बेटावर रेंज नाही

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. वीज नाही, रेंज नाही, म्हणूनच तर ते बेट शोधलं मी! समुद्रात डुंबायचं, कयाक चालवायची, पाण्याखालचे मासे बघायचे. जास्त मागितलं का? ह्यांनी रिसॉर्टवाल्याला फोन लावून पहिलंच विचारलं, "पावणं, रेंज हाय का?" तो नाही म्हणाला, तर माझ्यावरच, "मग म्हस व्याली तर कळायचं कसं? ऱ्हाऊ दे जायचं."

घरी सासरे आहेत, दीर आहेत. तरी रेंज पाहिजे!

मी माहेरी शिरोळला बाळंत झाले तेव्हा रेंज फुल होती. फोन ह्यांनीच बंद ठेवलेला. गोठ्यात म्हैस व्यायला झालेली, रिंग वाजून बुजायला नको म्हणून! लेक झाल्याचं इकडं सासरी अख्ख्या उचगावाला कळलं. बापाला सगळ्यात शेवटी.