बाबांसाठी मांडलेली खुर्ची

१८ सप्टेंबर १९७४
आजही दोन घासांवर उठलो. पोळी घशाशी येऊन अडते. घशाचा एक्स-रे फोटो काढून झाला, घसा साफ. आता मनाच्या डॉ.कडे पाठवलंय. म्हणजे मी वेडाही ठरलो!

२३ सप्टें.
डॉ. तरुण आहे, बरा वाटला. बाबांचं खोदखोदून विचारत होता. सांगितलं, बारा वर्षांपूर्वी खाप्याला जातो म्हणून निघाले, पोचलेच नाहीत. "शेवटचं काय बोलणं झालं?" म्हटलं, आठवत नाही.
आठवतं. "नुसते बसून खाता," म्हणालो होतो. ताट सारून उठले.

२९ सप्टें.
सौ.ने गुरुजींना बोलावलं. त्यांचं म्हणणं, बारा वर्षं उलटली. पळसाच्या पानांचा पुतळा करून बाबा समजून अग्नी द्या, घास उतरेल. सर्वपित्रीला. हो म्हणणार होतो, तेवढ्यात आईच्या कपाळाकडे लक्ष गेलं. पुतळा जळला की तिचं कुंकू पुसायचं. गुरुजी सामानाची यादी करतो म्हणून उठले.

५ ऑक्टो.
डॉ.ला पुतळ्याचं भीत भीत सांगितलं. हसला नाही. "विधी करा की. पण आधी बोलून घ्या." समोर रिकामी खुर्ची ठेवली, बाबा बसलेत समजा म्हणे. पाऊण तास नुसती खुर्ची बघून उठलो.
डॉ. म्हणतो बोला, गुरुजी म्हणतात जाळा. मला तर बाबा आहेत की नाहीत हेच...

८ ऑक्टो.
आईला खुर्चीची गंमत सांगितली. ती हसलीच नाही, मेथी निवडायची थांबली. "मले घेऊन चाल तिथं. मलेबी त्याइच्याशी बोलाचं हाय."

१२ ऑक्टो.
आई आत, मी बाहेर बाकावर. तासभर. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, कुंकू ठसठशीत. रिक्षात म्हणाली, "तू त्या रोजी बोलला ते आयकलं होतं गा मी. भाकर थापून राहिली होती. त्याइले थांबा म्हटलं नाही."
बारा वर्षं हे पोटात ठेवलं बाईने! मला मान वर करवेना. सक्करदऱ्याचा तलाव आला तेव्हा कसंबसं विचारलं, सर्वपित्री तीन दिवसांवर आली, गुरुजींना काय सांगू?
"थांबाले सांग. माह्यं बोलून झालं. आता त्याइनं बोलाचं हाय."
डॉ.ला हे सांगावं की गुरुजींना, कळत नाही. गुरुजी उद्या सकाळी सामानाची यादी घेऊन येणार आहेत.