बारा तारांचा पहारा

॥ श्री ॥

युसूफ वडगाव, ता. केज
दि. ८ जानेवारी २०२५

चि. आरोहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. फोन न करता पत्र लिहिण्याची माझी सूचना तू मानलीस, याचे समाधान वाटले. त्यामागचे कारण आता स्पष्ट लिहितो. गेल्या महिन्यात अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी माझे कान तपासले. दोन्ही कानांची शक्ती उतरत आहे आणि ती परत येणार नाही, असे त्यांचे मत पडले. बारीक, उंच आवाज आधी जातात; जाड आवाज मागाहून. अंगणातल्या पत्र्यावर चिमणी बसते, चोच उघडते, मिटते. मला काहीही ऐकू येत नाही. फोनवर तुझे बोलणे तर मुळीच उमगत नाही. कानाचे यंत्र लावून पाहिले. त्याने तुझ्या आजीची भांडी तेवढी मोठी झाली, शब्द मोठे झाले नाहीत. तिचे म्हणणे, की बरंच झालं, आता तरी तुमी लोकांच्या बोलण्यात चुका काढणार न्हाई. (वाक्य तिचे आहे, मी दुरुस्त केलेले नाही.)

हे शोक करण्यासाठी लिहिलेले नाही. एक इच्छा आहे, ती सांगण्यापूर्वी परिस्थिती मांडणे आवश्यक होते. आमच्या ओट्यावर बसून सहा तारांची गिटार वाजवीत असायचीस, तेव्हापासून तू बारा तारांच्या गिटारीविषयी बोलत आलेली आहेस. आता पुण्याच्या क्लासमध्ये तू इतरांच्या मुलांना शिकवतेस आणि तुझी गिटार मात्र अद्याप दुकानाच्या काचेआड आहे. ती तुझ्या हाती यावी आणि मी ती ऐकावी, एवढेच मागणे. परंतु माझ्या कानांची घाई तुझ्या निवडीत येता कामा नये. कोणकोणत्या गिटारी मनात आहेत आणि त्यांत भेद काय, ते व्यवस्थित लिहून कळव. ‘मस्त’ आणि ‘भारी’ ही विशेषणे चालणार नाहीत.

प्रकृतीस जपावे. आमचा आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेच. तुझे पत्र तेवढे नियमित असावे.

तुझा आजोबा,
अर्जुनराव

॥ श्री ॥

पुणे
दि. २१ जानेवारी २०२५

तीर्थरूप आजोबांस, आरोहीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पुन्हा पुन्हा वाचले. रडले, हेही लिहिते. तुम्ही दुरुस्त करणार नाही, अशी आशा आहे. मग ठरवले, की तुम्ही विचारले आहे तेच नीट लिहावे.

बारा तारांच्या गिटारीत तारा जोडीने असतात. प्रत्येक जाड तारेशेजारी तिची धाकटी बहीण असते. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत ती बारीक असते आणि वरच्या सप्तकात बोलते. उरलेल्या दोन जोड्यांत दोघी एकसारख्या. बोटाखाली दोघी एकदमच दाबल्या जातात. सारी शोभा त्या बारीक तारांची. त्या नसतील, तर ती नेहमीचीच गिटार.

मनात दोन आहेत. पहिली टेलर कंपनीची, अंगाने लहान, पुढून-मागून महोगनी लाकडाची. मान आटोपशीर, माझ्या आखूड बोटांना सोयीची. आवाज कोरडा, स्पष्ट. प्रत्येक जोडी वेगळी मोजता येते. ती दुकानात आहे, आजही घेता येईल. दुसरी गिल्ड कंपनीची, पोटाने मोठी, समोरची फळी स्प्रूस या हलक्या परदेशी लाकडाची आणि पाठ शिसवाची. हे शिसव भारतातले, आजोबा. आपले लाकूड अमेरिकेस जाते आणि गिटार होऊन माहेरी येते. तिचा आवाज खोल आणि पुष्कळ वेळ टिकणारा. मान रुंद, पहिला महिनाभर मनगट दुखेल. दुकानात ती नमुन्यापुरती एकच आहे, विकाऊ नाही. मेअखेरपर्यंत मागणी नोंदवली, तर दिवाळीच्या सुमारास येईल. दोन्ही माझ्या ऐपतीच्या काठावरच्या आहेत. घेईन ती आयुष्यभराची.

तुमच्या पत्रापूर्वी मी शिसवीचीच स्वप्ने पाहत होते. आता वाटते, की लहान आजच घ्यावी. दिवाळीपर्यंत तुमचे कान थांबतील का? आजीने मागे फोनवर सुनावले होते, की ह्या वयात पोरगं बघायचं, तू लाकडं कशापायी बघत बसलीस. तिला सांगा, की स्थळेच पाहते आहे. एक तयार आहे आणि एक परदेशी.

उभयतांच्या चरणी नमस्कार. लोभाची सवय आहे, ती मोडू देऊ नये.

तुमची,
आरोही

॥ श्री ॥

युसूफ वडगाव
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे वर्णन चांगले उतरले आहे. दोनदा वाचले. लहान गिटारीविषयी तू सोय लिहिलीस आणि मोठीविषयी लिहिताना वाक्याची लय बदलली. मन कोणाकडे आहे, हे तुझे तुला कळलेले नसले, तरी तुझ्या लेखणीला कळलेले आहे. म्हणून माझे मत निःसंदिग्धपणे नोंदवतो: माझ्यासाठी लहान गिटार घेऊ नये. जी वस्तू आयुष्यभर वाजवायची, ती एका म्हाताऱ्याच्या उतरत्या कानांवरून निवडणे योग्य नव्हे. उद्या मी नसेन आणि तू दर वेळी ती उचलताना तडजोड उचलशील.

हे लिहिताना मला वाईट वाटत नाही, असे लिहिले तर ते असत्य होईल. त्या बारीक तारा मला ऐकायच्या आहेत.

हनुमान जयंतीस गावचा सप्ताह संपतो. तेव्हा अवश्य ये. यंदाही वीणा धरण्याचा माझा पहारा आहे. पाय कुरकुरतात, तरी उभा राहणार आहे. आपला शेजारी बंकट, शेळ्यांचे कळप सांभाळणारा, माझ्यानंतर वीणा घेतो. तो म्हणाला, की गुरुजी, तुमाला ऐकू येत न्हाई ते बरंय, माझा अभंग चुकला तरी तुमी वळून बघणार न्हाई. मी त्यास सांगितले, की तुझ्या ओठांवरूनही चूक दिसते.

आशीर्वाद आहेत, ते वाढतेच समजावेत.

तुझा आजोबा,
अर्जुनराव

॥ श्री ॥

पुणे
दि. २४ मार्च २०२५

तीर्थरूप आजोबांस शि. सा. न. वि. वि.

निर्णय अजून घेतलेला नाही, आणि तुमचे मत मान्य केलेलेही नाही. मात्र आमच्या क्लासमध्ये बारा तारांची एक साधी, जुनी गिटार आहे. चार दिवसांसाठी ती मागून ठेवली आहे. सप्ताहास घेऊन येते. ती मनातल्या दोघींच्या पासंगालाही पुरणार नाही. पण बारीक तारा तिलाही आहेत. तुम्हाला त्या ऐकू आल्या, तर लहान गिटार लगेच घेईन आणि तुमचे काहीएक ऐकणार नाही.

आजीस नमस्कार. येते आहे, तोवर माया जपून ठेवावी.

तुमची,
आरोही

॥ श्री ॥

युसूफ वडगाव
दि. १६ एप्रिल २०२५

चि. आरोहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचे आजीकडून कळले. जाताना बसच्या खिडकीतून तू बोललीस ते मला ऐकू आले नाही. मी मान हलवली, ती केवळ निरोपाची होती.

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण त्यातला निम्मा भाग तू पाहिलेला नाहीस. काल्याच्या दिवशी सकाळी तू ओट्यावर वाजवलेस. मला जाड तारा ऐकू आल्या. बारीक तारांच्या जागी तुझी बोटे हलताना दिसली, इतकेच. तू विचारलेस आणि मी खरे तेच सांगितले. आजीने प्रसादासाठी हाक मारली, तेव्हा जराशी धरा, असे सांगून तू गिटार माझ्या हाती दिलीस आणि गेलीस. देवळापाशी तुला शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या, हे मला नंतर समजले.

आता माझे वर्तन. सप्ताहाच्या आरंभापासून काल्यापर्यंत वीणा भुईला टेकत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते, हे तुला ठाऊक आहे. आदल्याच रात्री मी तो पहारा केला होता. तू वाद्य हाती दिलेस आणि घेणारे समोर कोणी नव्हते. मी पट्टा गळ्यात घातला, गिटार वीणेप्रमाणे उभी धरली आणि उभा राहिलो. तिचे पोट छातीशी, माथा कानशिलाशी. तू येईपर्यंत असेच उभे राहायचे, याखेरीज दुसरा विचार मनास शिवला नाही.

ऊन अंगणात उतरले. बंकट आला आणि माझ्या अगदी जवळ येऊन ओरडला, की गुरुजी, याड लागलं काय, ठिवा की ती बाजेवर, ती काय देवाची हाय व्हय. मी त्याच्यावर रागावलो. वाद्य हातचे हाती द्यायचे असते, बाजेवर टाकायचे नसते, असे चढ्या आवाजात बजावले. वाक्य संपले, आणि माझ्या कानशिलाच्या हाडात कोणी तरी उत्तर दिले.

प्रथम भास वाटला. पुन्हा बोललो, पुन्हा तेच. बोटाने एकही तार छेडलेली नव्हती. माझ्या आवाजाने तारा आपोआप हलत होत्या आणि छातीतून, हाडातून परत येत होत्या. मी ‘क’ची बाराखडी म्हणून पाहिली. ‘की’ला गिटार जवळजवळ गप्प राहिली, ‘को’ला मात्र भरून बोलली. यास ऐकणे म्हणावे की नाही, मला ठाऊक नाही. योग्य क्रियापद अद्याप सापडलेले नाही. पण गेल्या कित्येक दिवसांत, मी बोललो आणि मला कोणी उत्तर दिले, असे प्रथमच घडले.

बंकट हे सारे पाहत होता. मग त्याने चपला काढल्या, पाय धुतले, मला वाकून नमस्कार केला आणि हात पुढे केले. मीही रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडलो आणि पट्टा त्याच्या गळ्यात घातला. म्हणून तू परतलीस तेव्हा मी बाजेवर होतो आणि शेळीवाला बंकट तुझ्या क्लासची गिटार छातीशी धरून अंगणात उभा होता. तू हसलीस ते योग्यच होते. पण आम्ही दोघे थट्टा करीत नव्हतो.

तात्पर्य, घाई उरलेली नाही. मला जे मिळते ते कानांवर अवलंबून नाही. दिवाळी येऊ दे. कान जायचे तर खुशाल जाऊ देत.

आशीर्वाद देताना हात आखडलेला नाही, हे जाणून असावे.

तुझा आजोबा,
अर्जुनराव

॥ श्री ॥

पुणे
दि. ५ मे २०२५

तीर्थरूप आजोबांस शि. सा. न. वि. वि.

काल दुकानात गेले होते. इतके महिने मी दोन्ही गिटारी बोटांनी पारखत होते. काल पहिल्यांदाच एकही तार छेडली नाही. आधी लहान गिटार उभी धरली, माथा कानशिलाला लावला, आणि पिशवीतून तुमचे पत्र काढून तिला वाचून दाखवले. दुकानातला विक्रेता जवळ आला आणि मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का, असे विचारू लागला. मी म्हटले, की आजोबांचे पत्र वाचते आहे, जरा थांबा. तो बिचारा खरोखरच हात बांधून थांबला.

लहान गिटारीने प्रत्येक शब्दाला उत्तर दिले, नेमके आणि स्वच्छ. पण मी श्वास घ्यायला थांबले, की तीही थांबायची. मग शिसवी घेतली. ‘वाद्य हातचे हाती द्यायचे असते’ हे तुमचे वाक्य तिला तुमच्यासारखेच चढ्या आवाजात ऐकवले. तुमची वाक्ये लांब असतात, आजोबा. वाक्य संपले, मी गप्प झाले, कागदाची घडी घातली, आणि ती अजून बोलतच होती.

मागणी नोंदवून आले.

ती आली, की पुण्याहून केजपर्यंत बसमध्ये माझ्या मांडीवर असेल आणि केजहून जीपमध्येही. मध्ये कुठेही खाली ठेवणार नाही. बंकटकाकांना सांगा, की पाय धुऊन तयार राहावे. पण पहिला पहारा तुमचा. दाराशी उभे राहा, मी हात पुढे करीन.

आजीस नमस्कार. तुमचे पत्र आले, की मोठ्याने वाचते. तेव्हा लिहीत राहावे.

तुमची,
आरोही