दुसऱ्या क्रमांकाचा चेहरा

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. रक्तदाब गुणी मुलासारखा वागतोय, गुडघा तेवढा अधूनमधून आपलं अस्तित्व जाणवून देतो. जावईबापूंचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना सांग, सासऱ्याने पाठवलेला काढा कुंडीत ओतला की खोकला जात नाही, कुंडीचा जातो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘बाबा, मुद्द्याचं बोला’ म्हणतेस आणि मी मुद्दा सोडून पळ काढतो. मला तुला एका व्यक्तीबद्दल सांगायचं आहे. तू सुट्टीत घरी येण्याआधी सांगितलंच पाहिजे, आणि ऐकून तू काय म्हणशील या विचाराने दोन कागद फाडून झालेत. म्हणून आधी कॅमेऱ्याबद्दल लिहितो, म्हणजे हात जरा सैल होईल.

तू नवा कॅमेरा घेऊन जुना माझ्या गळ्यात मारलास, तेव्हा मी मनातून वैतागलो होतो. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टचं बटण दाबलं की ती वर जाते नाहीतर खाली, तिसरी भानगड नाही. या डबड्यावर मात्र जिथे बोट ठेवावं तिथे बटण. माझा पहिला फोटो बघून शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, “काका, धुकं छान पकडलंय.” धुकं कसलं, त्यांचं मांजर होतं ते.

मग इरेला पेटलो. पुस्तिका काढली, जाड चष्मा लावला आणि गोम सापडली. मी सगळं एकाच पद्धतीने टिपत होतो. या पद्धतीत बटण अर्धं दाबलं की कॅमेरा एकदाच अंतर धरतो आणि तिथेच ठाम बसतो. किटली, खुर्ची, वाळत घातलेले मोजे, यांच्यासाठी उत्तम. मोजे कुठे जात नाहीत. मांजर जातं. मी बटण पुरतं दाबेपर्यंत ते हातभर पुढे गेलेलं आणि कॅमेरा मघाच्याच जागी डोळे लावून बसलेला. हलत्या जिवांसाठी दुसरी पद्धत आहे, सतत फोकसची. बटण अर्धं दाबून ठेवायचं, की तो त्या जिवाच्या मागे मागे अंतर बदलत जातो. मांजर पळत असताना त्याच्या मिशीचा केस न केस सुटा दिसला, तेव्हा मी गॅलरीत एकटाच टाळ्या पिटत होतो. वकीलबाईंनी खिडकी लावून घेतली.

तिसरीही एक पद्धत आहे. समोरचं स्थिर आहे की हलतंय, ते कॅमेरा स्वतः ठरवतो. ती मी काही दिवस वापरून सोडली. ती म्हणजे थेट तुझा मामा. पडदे घ्यायला निघतो, दुकानात उभा राहून विचार करतो आणि चहा पिऊन परत येतो. आपण काय टिपतोय हे आपल्याला ठाऊक असेल तर आपणच ठरवावं, हे माझं मत झालंय.

आता क्लबकडे वळतो. आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी टेबल टेनिस खेळतो हे तुला माहीत आहे. यंदाच्या स्पर्धेत अध्यक्षांनी मला अधिकृत छायाचित्रकार नेमलं, कारण गुडघ्याच्या कृपेने मी पहिल्याच फेरीत गारद झालो होतो. सतत फोकस लावून मी ऐटीत उभा राहिलो. फोटो आले तर जाळी अशी स्वच्छ की गाठी मोजून घ्याव्यात, आणि जाळीमागे खेळाडूंच्या जागी भुतं. चूक अशी, की मी फोकसची चौकट रुंद ठेवली होती. रुंद चौकट दिली की कॅमेरा बहुतेक वेळा जे जवळ असेल तेच धरतो. मग चौकट लहान केली आणि एकाच खेळाडूवर ठेवली. खेळाडू डावीकडे सरकला की मी डावीकडे, पुढे झेपावला की फोकसही त्याच्यासोबत पुढे. ठकू, काय सांगू तुला. चेंडूवर खिळलेले डोळे, दाताखाली धरलेला ओठ, कपाळावर चिकटलेली बट, सगळं लख्ख. मला वाटलं सामना मीच जिंकलो.

हा खेळाडू म्हणजे एक डावखुऱ्या बाई. डावखुऱ्यांचा फटका टिपायला सोपा जातो, म्हणून मी त्यांना निवडलं. हे कारण मी आत्ता बनवलं. खरं कारण तू ओळखलं असशील.

मी त्यांना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी ते शेवटपर्यंत बघितले आणि विचारलं, “बाकीचे काय रजेवर होते?”

मी म्हटलं, “उजेड तुमच्या बाजूलाच चांगला होता.”

“दिवा टेबलाच्या मधोमध आहे, साहेब.”

त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बाकावर माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरलेली होती. तेव्हापासून हॉलमधून आम्ही चालत परतू लागलो. वाट दहा मिनिटांची, आम्हाला तास लागायचा, आणि दोष आम्ही गुडघ्याला द्यायचो.

त्या तुझ्या ओळखीच्या आहेत. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. आईची औषधं आपण ज्यांच्याकडून आणायचो, त्याच. आता पाणी पी आणि पुढे वाच.

तेव्हा आमच्यात काउंटर होतं आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती, दुसरं काही नव्हतं. शेवटी शेवटी आईला गोळ्या गिळवेनात, तेव्हा कोणती कुटून चालेल आणि कोणती नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं, मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना. एवढीच तेव्हाची आठवण. आता दुकान त्यांची भाची बघते. लोकांना दोन टोकं जोडायची हौस असते, ते जोडतील. तू जोडू नयेस म्हणून लिहितोय, आणि हे लिहावं लागतंय याचा मला रागही येतोय.

खरं अवघड पुढेच आहे. तुझ्या या कॅमेऱ्यात चेहरे नोंदवता येतात. गर्दीत नोंदवलेला चेहरा दिसला की तो बाकीच्यांना सोडून त्याच्याच डोळ्यांवर फोकस धरतो. हे वाचल्यावर मला कुठला दम निघतोय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर गुडघाही धड नाही. बाईंचा चेहरा नोंदवायला मी यादी उघडली. तिच्यात आधीच एक चेहरा होता.

आई. खिडकीपाशी, निळा स्कार्फ बांधलेली, तुला काहीतरी सुनावत असणार असं तोंड करून. तू तो कधी नोंदवलास मला माहीत नाही. म्हणजे इतके महिने मी जिथे जिथे कॅमेरा धरला, तिथे तो आधी तिला शोधत होता, आणि ती सापडली नाही की दुसऱ्या कुणाकडे वळत होता. मी खुर्चीत बसून मनसोक्त रडलो. तुझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही.

चेहरा पुसायची सोय तिथेच होती. माझं बोट तिकडे गेलं नाही. सकाळी बाईंना हे सगळं सांगितलं.

“मग मी कितवी?” त्यांनी विचारलं.

“दुसरी.”

त्या थोडं अंतर चालल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. मी आलेच उशिरा.” आणि स्वतःच एका भिंतीपाशी जाऊन माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांचा चेहरा नोंदवला.

पुढे जी फजिती झाली ती ऐक. बक्षीस समारंभ झाला, त्याचे फोटो हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावले. उजेड कमी म्हणून मी भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं होतं, त्यामुळे एका वेळी एकच माणूस स्पष्ट येणार. अध्यक्ष चषक देताहेत, तर अध्यक्ष धूसर, चषक धूसर, आणि पार मागे पाण्याच्या पिंपाशी पेला घेऊन उभ्या असलेल्या बाई मात्र पापण्यांसकट. विजेत्यांचा फोटो, पुन्हा तेच. आभार मानणारे सचिव, त्यांच्या कानामागून बाई. आधी कुणीतरी खोकलं, मग सगळा हॉल हसत सुटला. अध्यक्ष म्हणाले, “बाई, दृष्ट काढून घ्या हो, कॅमेऱ्याची लागेल.” गटाचा फोटो काढताना चेहऱ्यांची नोंद बंद करायची असते. मी विसरलो होतो.

माझे कान तापले, पण खोटं कशाला बोलू, आतून मला नाचावंसं वाटत होतं.

बाईंना नाही वाटलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “हॉलला कळलं. तुमच्या मुलीला?”

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

“तिला कळवल्याशिवाय माझ्यासोबत चालू नका. लपून काही करायची मला सवय नाही, आणि या वयात लावूनही घ्यायची नाही.”

त्या दिवसापासून मी एकटाच घरी येतो. वाट खरोखरच दहा मिनिटांची आहे, ठकू.

आम्ही लग्न करायचं ठरवलंय, त्या समारंभाच्या आधीच. लिहून टाकलं एकदाचं. तुझी परवानगी मागावी असं आधी डोक्यात होतं, तसं लिहून खोडलंही. पण परवानगी मागायची म्हणजे माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवायचं, आणि तू नाही म्हणालीस तर जन्मभर तुला बोल लावायचा. बापाला ते शोभत नाही. म्हणून मागत नाही, सांगतोय. आई गेल्यावर मला वाटलं होतं, आता फक्त दिवस ढकलायचे. आता सकाळी गजर व्हायच्या आधी मला जाग येते. मी आनंदात आहे. तुला राग आला तर राग कर, रड, मामाला फोन करून माझी उणीदुणी काढ. फक्त गप्प बसू नकोस.

तू येशील तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दार उघडावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, “ते घर तिच्या आईचं आहे. आधी तिला एकटीला आत येऊ दे. तिने बोलावलं तर मी येईन.” तेव्हा दार मी एकटाच उघडीन. त्या कोपऱ्यावर भाचीजवळ दुकानात बसलेल्या असतील. लग्नाचं मी तुला विचारलं नाही, पण त्यांना हाक मारायची की नाही, हे तुलाच विचारतोय. ती हाक मला मारता येणार नाही.

तुझा, आणि तुझ्या आईचाही,
बाबा