खारीच्या दातांची खूण

५ मार्च

चि. सौ. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘बरंय’ म्हणतेस, म्हणून पत्राने पिच्छा पुरवते आहे. हात उन्हात नेऊ नकोस, खपल्यांना नख लावू नकोस. मेहुण्यांना भांडी घासू देत, झिजणार नाहीत ते.

भाजल्याचा व्रण घालवायला लेझरने एवढी भोकं पाडल्यावर नवी कातडी येते कुठून, असं तू विचारलंस. अगं, केसांच्या मुळाशी स्टेम सेल नावाच्या पेशी असतात. एरवी आळशासारख्या पडून राहतात. वर जखम झाली की उठतात, जखमेकडे सरकतात आणि नवी कातडी अंथरतात. रोज ते मशीन चालवते, तरी मला नवल वाटतं.

आणि एक गंमत. कुकरच्या वाफेने भाजलेला भाग डॉक्टरांनी आखून दिला होता, पण कोपराजवळ एक अर्धगोल खळगा राहून जात होता. मीच म्हटलं, एवढाही करून टाकू. तुझे डोळे झाकलेले, हात बधिर, तुला पत्ताच नाही! लेक गेल्यापासून तू आरशातसुद्धा बघत नाहीस. निदान हात तरी पहिल्यासारखा होऊ दे.

माया आहेच, उत्तराचा कंटाळा करू नकोस.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खपल्या गळल्या. खाली कातडी गुलाबी आहे. हे म्हणतात, तुझ्या ताईने जादू केली.

तो खळगा भाजल्याचा नव्हता, ताई. आपल्या खारीचा होता. पुढच्या दोन दातांवरून तूच तिला खार म्हणायचीस. तीन वर्षांची होती, केस विंचरू देईना, मी धरून ठेवली तर कडकडून चावली. रक्त बघून तिनेच भोकाड पसरलं आणि मग माझ्या हातावर फुंकर घालत बसली. ती तापात गेली तेव्हा आईने कपडे, खेळणी सगळं उचलून नेलं. तेवढी खूण कुणाला नेता आली नाही. वाफेतूनही ती वाचली. तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

मी तुला सांगितलंच नव्हतं, तुझा काय दोष? पण एक विचारायचं आहे. त्या पेशी तिच्या वेळेपासून तिथेच आहेत ना? मग तिथे काय होतं ते त्यांना ठाऊक असेल. पुन्हा तसंच करतील का? मलम लावणं मी थांबवलं आहे. नखाने जरा उकरलंसुद्धा. रागावू नकोस.

तुझी चिंगी

१८ मार्च

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीनला हात लावायला धीर होईना. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या पेशींना भरून काढणं तेवढं कळतं. आतली कातडीही अजून कित्येक महिने भरत राहील. खळगा परत येणार नाही, बाळे. तुझी खोटी समजूत घालावी असं फार वाटलं, पण लिहवेना.

उकरू नकोस. उकरून उमटेल ती तुझ्या नखाची खूण असेल, तिच्या दातांची नाही.

मलाही ती चावली होती, खांद्याला, चष्मा दिला नाही म्हणून. काल आरशात शोधलं. काहीच नाही. माझ्या कातडीने मला न विचारता केव्हाच सगळं भरून टाकलं. मी खूप रडले. तुझं जे गेलं ते माझ्या हातून गेलं, त्याला माफी कशी मागू?

लोभ उरला असेल तर दोन ओळी लिही.
ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मलम लावते आहे. हात गुळगुळीत होत चाललाय. झोपताना बोट जातं, जागा सापडत नाही, मग कोपरापासून अंदाजाने ठेवते.

खांदा डावा की उजवा, ते कळव. तुझ्याकडे येईन तेव्हा त्याच्यावर डोकं ठेवीन.

तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे.
चिंगी