किसनचा डावा गुडघा

मंगळवार, रात्र

फुटबॉल लीगच्या तोंडावर आमच्या आणि तळेगावच्या खेळाडूंची नावं शेजारी शेजारी लिहून बघितली. आमचे फॉरवर्ड त्यांच्यापेक्षा सरस आहेत. पण सामने रविवारी, आणि रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी, म्हणजे आमची निम्मी टीम हॉटेलांत ड्युटीवर. त्यात आता आमचा गोलकीपरही तळेगावच्या यादीत. बेडश्याचा किसन. सहा वर्षं मी शिकवलेला.

दुपारी तो क्लबचे ग्लोव्ह्ज परत द्यायला आला होता. म्हणाला, "भाऊ, तितल्या कारखान्यात परमनंट करत्यात, पन त्यांच्याकडनं खेळावं लागंल. घरी लेकरू हाय." चिडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. ग्लोव्ह्ज राहू दे तुझ्याकडेच, म्हटलं. त्याच्या जागी मीही गेलो असतो. गेलो असतो ना?

निघताना दारात थांबला. "गुडघ्याचं कुनाला सांगितलं न्हाई ना?"

नाही, म्हटलं. खरंच होतं.

डावा गुडघा. आमच्याच खडकाळ मैदानावर, आमचाच गोल वाचवताना दुखावलेला. तेव्हापासून डाव्या हाताला खालून येणाऱ्या चेंडूवर त्याची झेप उशिरा पडते. हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत.

तासाभराने सराव होता. गोलकीपरच्या डाव्या हाताला, खांबालगत मी एक वीट ठेवली आणि अंधार पडेपर्यंत सगळ्यांना त्या विटेवरच चेंडू मारायला लावला. का, ते कुणी विचारलं नाही.

सांगितलं मी अजूनही कुणाला नाही.