तिसऱ्या-चौथ्या फोटोचा सांधा

बेलापूर, शुक्रवार संध्याकाळ, १९६३

पाच फोटो आज पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवले. किल्ल्याच्या टेकडीवरून लांब पल्ल्याची लेन्स थोडी थोडी वळवत काढलेली दिवाळे गावाची खाडी. साध्या लेन्सने होड्या मुंग्यांएवढ्या येतात, इथे त्यांचे दोरसुद्धा दिसतात. आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोचा सांधा? मलाच सापडेना!

मासळी घेऊन आलेल्या हिराबाईला सापडला. टोपली खाली ठेवून तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"मास्तर, ह्या अंगाला होड्या उभ्या, त्या अंगाला कलल्यात. मधी पानी गेलंय."

गेलंच होतं. ऊन येईना म्हणून चौथ्या फोटोआधी मी तासभर थांबलो होतो. ओला चिखल चकाकत होता, मला पाणीच वाटलं.

"पुनवेला कशाला गेलात? उधानाचं पानी काय थांबतं? अष्टमीला जा. तवा भांग असतो, पानी जास्त हालत नाय."

मुंबईच्या प्रदर्शनाच्या परीक्षकांना हे कळेल? छे! मग पुठ्ठा पाठवून द्यावा का असाच? पण आता त्या सांध्याकडे पाहिलं की कललेल्या होड्याच दिसतात. हात माझा पक्का आहे, त्यात शंका नाही. पंचांग तेवढं बघायला हवं होतं.

सोमवारी अष्टमी. शाळेत रजेचा अर्ज लिहिला, कारण खोकला. ढग आले तर येऊ देत, या वेळी थांबायचं नाही. नवा पुठ्ठा आधी हिराबाईच्या टोपलीशेजारी ठेवणार. तिने कुठेही बोट ठेवलं नाही, तरच मुंबईला पाठवीन.